भक्षक आणि रक्षक : ‘ट्वायलाइट’ या चित्रपटाची कथानकरचना आणि त्यातील आदिबंध

स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेला, कॅथरिन हार्डविक यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि २०१२ पर्यंत या मालिकेतील एकूण पाच चित्रपट पडद्यावर आले. सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या पहिल्याच चित्रपटाने जगभरात ३९ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. इतके यश मिळाल्यावर त्याविषयी पुष्कळ लिहिले जाणे स्वाभाविक होते. परंतु त्यातील बराचसा मजकूर चाहत्यांची भक्ती आणि जाणकारांची कुचेष्टा या दोन टोकांमध्येच घोटाळताना दिसतो. लोककथेच्या अभ्यासकाला येथे करण्यासारखे काही आहे, ही जाणीव मात्र क्वचितच आढळते.

मराठी विभागाच्या नियतकालिकात या विषयाला स्थान का द्यावे, असा प्रश्न कोणी विचारील. कथानकाचे घटक, कल्पनाबंध, आदिबंध या संज्ञा आपण वर्गात लोककथा आणि आख्यानकाव्य शिकवताना वापरतो. ज्या विद्यार्थ्यांसमोर आपण त्या वापरतो, त्यांच्या मनातील प्रेमकथेचा साचा मात्र अशाच चित्रपटांनी घडवलेला असतो. आपली साधने त्या साच्यापर्यंत पोहोचतात की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

या चित्रपटाच्या रचनेविषयी एक आक्षेप सहज सुचतो. तो असा की, चित्रपट मध्यावर दुभंगतो. पूर्वार्धात एका मुलीला एका गूढ मुलाचे रहस्य उलगडते. उत्तरार्धात एक तिसराच खलपुरुष येतो, पाठलाग सुरू होतो आणि प्रेमकथेचे रूपांतर साहसकथेत होते. हा उत्तरार्ध वरून चिकटवल्यासारखा वाटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. खलपुरुषाचे आगमन ही या कथानकाची आंतरिक गरज आहे, कारण नायकाच्या व्यक्तिरेखेतून जे काढून टाकल्याशिवाय तो नायक होऊ शकत नाही, ते सर्व वाहून नेण्यासाठीच या दुसऱ्या पात्राची योजना झालेली आहे. आणि या योजनेची जी किंमत आहे, ती नायिकेच्या व्यक्तिरेखेला मोजावी लागते.

१

प्रथम कथानक थोडक्यात पाहू. सतरा वर्षांची बेला स्वान ॲरिझोनातील फिनिक्स या उन्हाळी शहरातून वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या सदा पावसाळी, जंगलवेढ्या गावी वडिलांकडे राहायला येते. आईने दुसरा विवाह केला आहे. वडील चार्ली गावाचे पोलीसप्रमुख आहेत. शाळेत तिची गाठ एडवर्ड कलन या विलक्षण देखण्या, विलक्षण तुसड्या मुलाशी पडते. तो तिला एका भरधाव गाडीखालून वाचवतो, ती गाडी केवळ हाताने थोपवून. मग ती शोध घेते आणि तिला कळते, की एडवर्ड हा रक्तपिपासू व्हँपायर आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरणोन्मुख असताना कार्लाइल कलन या डॉक्टराने त्याला ‘बदलले’ आणि तेव्हापासून तो सतराच वर्षांचा आहे. कलन कुटुंब माणसांचे रक्त पीत नाही, केवळ प्राण्यांच्या रक्तावर जगते. ते स्वतःला विनोदाने शाकाहारी म्हणवतात. (आहारावरून माणसाची प्रतवारी करण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला या विनोदाची धार अमेरिकन प्रेक्षकापेक्षा अधिक जाणवावी.) यानंतर जेम्स, व्हिक्टोरिया आणि लॉरेंट हे तीन भटके व्हँपायर येतात. जेम्स बेलाचा माग काढतो, तिला फिनिक्समधील जुन्या नृत्यशाळेत गाठतो, चावतो. एडवर्ड आणि त्याचे कुटुंबीय तिला वाचवतात. शाळेच्या नृत्यसमारंभात चित्रपट संपतो.

या कथेचा मूळ आदिबंध ओळखणे अवघड नाही. दुसऱ्या शतकातील अप्युलियसच्या ‘सुवर्ण गर्दभ’ या ग्रंथातील क्यूपिड आणि सायकी यांची कथा, आणि अठराव्या शतकात फ्रेंच भाषेत प्रथम मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये व नंतर मादाम द बोमाँ यांनी १७५६ मध्ये लिहिलेली ‘सुंदरी आणि पशू’ ही कथा, यांच्याच वंशातील ही कथा आहे. तरुण मुलगी एका अमानुष वराच्या घरी जाते, त्याचे खरे रूप जाणते आणि तरीही त्याच्यावर प्रेम करते, असा हा बंध. ‘बेला’ या नावाचा इटालियन भाषेतील अर्थच ‘सुंदरी’ असा आहे.

पण बोमाँच्या कथेत प्रेमाचे फळ म्हणून पशूचा राजपुत्र होतो. अमानुष हे मानुष होते आणि मुलगी जिथे आहे तिथेच राहते. ‘ट्वायलाइट’मध्ये कोणीही माणूस होत नाही. एडवर्डला परत माणूस करण्याचा मार्ग या कथाविश्वात नाही. उलट बेलालाच त्याच्यासारखे व्हायचे आहे. रूपांतराची दिशा येथे उलटलेली आहे. म्हणजे जुन्या कथेत शेवटी जो शाप सुटतो, तो येथे सुटायचा नसून नायिकेने स्वेच्छेने अंगावर घ्यायचा आहे. हे मान्य केले की पुढची अडचण आपोआप उभी राहते. पशू पशूच राहणार असेल, तर त्याच्या पशुत्वाचे करायचे काय?

२

युरोपीय साहित्यातील व्हँपायर हा मुळात प्रियकर आणि मारेकरी एकाच देहात असलेला प्राणी आहे. १८१९ मधील पॉलिडोरीच्या कथेतील लॉर्ड रुथवेन, १८७२ मधील ल फानूची कार्मिला, १८९७ मधील स्टोकरचा ड्रॅक्युला या सर्वांच्या ठिकाणी आकर्षण आणि भय यांची फारकत करता येत नाही. जो ओढून घेतो तोच मारतो, हे त्यांच्या कथांचे सूत्र आहे. म्हणून कार्मिला आणि ड्रॅक्युला यांच्या कथांत व्हँपायरचा नाश अटळ असतो.

‘ट्वायलाइट’ या सूत्रात दोन बदल करतो. पहिला बदल परिचित आहे. मुर्नाऊच्या ‘नॉस्फेराटू’ (१९२२) या मूकपटापासून सूर्यप्रकाश व्हँपायरला नष्ट करतो असा संकेत चित्रपटांत रूढ झाला. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा वावरू शकत होता, फक्त त्याच्या शक्ती मर्यादित होत. मायर यांच्या कथाविश्वात ऊन लागले की एडवर्डची कातडी हिऱ्यांसारखी चमकते. चित्रपटातील जंगलाच्या प्रसंगात तो स्वतः त्या चमकणाऱ्या कातडीला मारेकऱ्याची कातडी म्हणतो, आणि बेलाला मात्र तीच सुंदर वाटते. भयाच्या चिन्हाचे येथे सौंदर्याच्या चिन्हात रूपांतर होते. या चमकण्याची पुष्कळ थट्टा झाली आहे आणि पडद्यावर ती फारशी साधलेलीही नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु कल्पना म्हणून ती कथानकाशी सुसंगत आहे.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. भक्षक दोन पात्रांत विभागला जातो. तहान आवरणारा एडवर्ड आणि तहान न आवरणारा जेम्स. दोघांनाही बेलाच्या रक्ताचा गंध अनावर होतो. जीवशास्त्राच्या वर्गात पंख्याच्या झोताने बेलाचा गंध एडवर्डपर्यंत पोहोचतो आणि तो नाकातोंडाशी हात नेऊन ताठरतो. बेसबॉलच्या मैदानावर वाऱ्याच्या झुळकीने तिचे केस उडतात आणि तोच गंध जेम्सपर्यंत पोहोचतो. एकच घटित दोनदा योजून दिग्दर्शिकेने दोघांचे नाते स्पष्ट केले आहे. फरक इतकाच की पहिला वर्गातून निघून जातो आणि दुसरा मागे लागतो.

या संदर्भात पटकथाकार मेलिसा रोझेनबर्ग यांनी कादंबरीत केलेला फेरफार विशेष लक्षणीय आहे. कादंबरीत जेम्स आणि त्याचे सोबती दोन-तृतीयांशाहून अधिक निवेदन संपल्यावर, बेसबॉलच्या प्रसंगी प्रथम अवतरतात. चित्रपटात मात्र त्यांच्या हत्या आरंभापासूनच पेरलेल्या आहेत. एक रखवालदार मारला जातो. पुढे चार्लीचा जुना मित्र वेलन मारला जातो. गाव या मृत्यूंना जंगली श्वापदाचा हल्ला समजते आणि चार्ली पावलांचे ठसे शोधत जंगलात फिरतो. या हत्या करणारे तिघे प्रेक्षकाला ओझरते दिसतात, बेलाला दिसत नाहीत. वेलनच्या मृत्यूची वार्ता बेलाला समजते ती पोर्ट अँजेलिसहून एडवर्डबरोबर परतताना, म्हणजे एडवर्ड कोण आहे याविषयीची तिची शंका जवळजवळ पक्की होत असतानाच. चार्ली तिला स्वसंरक्षणासाठी मिरीच्या फवाऱ्याची बाटली देतो आणि ती घरी जाऊन रक्तपिपासूंविषयी वाचू लागते.

या जुळणीमुळे काय साधते? गावात कोणीतरी माणसे मारीत आहे आणि ही मुलगी एका मारेकऱ्याच्या प्रेमात पडत आहे, या दोन गोष्टी प्रेक्षकाच्या मनात शेजारी शेजारी येतात. संशयाची सुई एडवर्डकडे वळते, आणि त्याच क्षणी प्रेक्षकाला ठाऊक असते की मारणारा दुसरा आहे. संशय निर्माण करून तो लगेच अन्यत्र वळवण्याची ही सोय आहे. कादंबरीत जी विभागणी उशिरा आणि काहीशी आकस्मिक वाटते, ती चित्रपटात पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते. चित्रपट मध्यावर दुभंगतो हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. दुभंग असलाच तर तो नायकाच्या व्यक्तिरेखेत आहे आणि आरंभापासून आहे.

३

भक्षकाची अशी विभागणी महाभारताच्या वाचकाला नवी नाही. आदिपर्वातील हिडिंबवधाच्या उपाख्यानात लाक्षागृहातून निसटलेले पांडव वनात झोपलेले असतात, भीम जागा असतो. हिडिंब राक्षसाला माणसाचा वास येतो आणि तो बहिणीला त्यांना मारून आणण्यास पाठवतो. हिडिंबा भीमाला पाहते, त्याच्यावर अनुरक्त होते आणि भक्षकाच्या बाजूने आलेली ती भक्ष्याच्या बाजूला उभी राहते. माणसाचा वास, एकाच जातीचे दोन भक्षक, त्यांपैकी एकाचे प्रेमात पडणे, दुसऱ्याचा वध, हे सर्व घटक येथे आहेत. स्त्रीपुरुषांच्या जागा तेवढ्या उलट आहेत.

या दोन कथांत कोणतेही ऐतिहासिक नाते सुचवण्याचा येथे हेतू नाही. तुलना उपयुक्त आहे ती एका तपशिलासाठी. हिडिंबाचा भाऊ मारला गेल्यावर तिच्यावरील संशय संपत नाही. राक्षस वैर विसरत नाहीत, असे म्हणून भीम तिलाही भावाच्या वाटेने पाठवू पाहतो आणि युधिष्ठिराला त्याला आवरावे लागते. पुढे कुंतीची अनुज्ञा, मुलगा होईपर्यंतच्या सहवासाचा करार, असे रीतसर व्यवहार होतात. म्हणजे भावाच्या वधाने बहिणीचे राक्षसत्व धुऊन निघत नाही. ते गृहीत धरूनच नाते जोडले जाते. ‘ट्वायलाइट’मध्ये याउलट घडते. जेम्स जळतो आणि त्याच्याबरोबर एडवर्डविषयीची सर्व भीतीही जळून जाते. विचारायचे राहून गेलेले प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

यांतील एक प्रश्न अगदी साधा आहे. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येऊन तिला झोपेत न्याहाळत बसतो. एकदा ती दचकून उठते, दिवा लावते, तर तिथे कोणी नसते. पुढे तो स्वतःच सांगतो की गेले दोनेक महिने हे चालू आहे. तो तिच्या नकळत तिच्या मागे पोर्ट अँजेलिसला जातो. जेम्सदेखील हेच करतो : माग काढतो, घरात शिरतो, न्याहाळतो. नृत्यशाळेत तर तो तिच्या वेदना छायाचित्रकाने टिपून घेतो. एकाच कृतीला एका पात्राच्या ठिकाणी ‘काळजी’ आणि दुसऱ्याच्या ठिकाणी ‘शिकार’ असे नाव मिळते, ते केवळ हे दुसरे पात्र अस्तित्वात आहे म्हणून. कुमारवयीन प्रेक्षक या चित्रपटातून जे काही घेऊन जात असेल, त्यात या नामांतराचा वाटा मोठा आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा दोष हाच आहे. चमकणारी कातडी नव्हे.

४

व्लादिमिर प्रॉप याने १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अद्भुत कथेच्या नायकांचे दोन प्रकार सांगितले आहेत : शोधक नायक आणि पीडित नायक. बेलाचे वैशिष्ट्य असे की ती पूर्वार्धात शोधक आहे आणि उत्तरार्धात पीडित. पूर्वार्धातील तिची बुद्धी चित्रपटाने चांगली दाखवली आहे. ती पुरावे जमवते, जोडते, निष्कर्ष काढते आणि जंगलात एडवर्डकडे पाठ करून तो निष्कर्ष स्वतःच्या तोंडाने उच्चारते. एडवर्ड सर्वांची मने वाचू शकतो, तिचे मात्र वाचू शकत नाही, ही कल्पनाही येथे मोलाची आहे. अमानुष वर अज्ञेय आणि मुलगी पारदर्शक, हा जुना क्रम येथे बदलतो. दोघेही एकमेकांना कोडे आहेत.

तिच्या सुटकांचा क्रमही लोककथेतील त्रयीला धरून आहे. पहिल्यांदा संकट यंत्राचे, म्हणजे घसरत आलेल्या गाडीचे. दुसऱ्यांदा माणसांचे, म्हणजे पोर्ट अँजेलिसच्या गल्लीत तिला घेरणाऱ्या पुरुषांचे. तिसऱ्यांदा एडवर्डच्याच जातीच्या प्राण्याचे. संकट दर वेळी त्याच्या अधिक जवळ येते.

अन्य व्यक्तिरेखांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. कार्लाइल हा ज्ञानी पित्याचा आदिबंध, चार्ली हा बंदूक असूनही निष्प्रभ ठरणारा द्वारपाल, तर आई रेने ही जिची मुलीनेच काळजी घ्यावी अशी. जेकब ब्लॅक मात्र वेगळ्या कारणासाठी दखल घेण्याजोगा आहे. प्रॉपच्या परिभाषेत तो ‘दाता’ आहे. पण तो तलवार किंवा अंगठी देत नाही, गोष्ट देतो. ला पुशच्या समुद्रकिनाऱ्यावर तो क्विलीयूट जमातीची म्हणून जी दंतकथा सांगतो, तिच्यामुळे बेलाला रहस्याची किल्ली मिळते. क्विलीयूट ही वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर आजही नांदणारी जमात आहे आणि आपले पूर्वज लांडग्यांपासून रूपांतरित झाले, अशी त्यांची उत्पत्तिकथा खरोखरच आहे. ‘थंड’ रक्तपिपासूंशी त्यांचे वैर आणि करार ही मात्र लेखिकेची भर आहे. जिवंत परंपरेतील मिथकाला कल्पित उपकथा जोडून ती त्याच लोकांच्या तोंडी घालणे, हा व्यवहार लोकसाहित्याच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. एखाद्या आदिवासी पाड्याचे नाव घेऊन, तिथल्या देवकाची कथा आपल्या सोयीने वाढवून कोणी चित्रपट काढला असता, तर आपली प्रतिक्रिया काय झाली असती?

५

आता नृत्यशाळेचा प्रसंग. जेम्स दूरध्वनीवरून बेलाला तिच्या आईचा आवाज ऐकवतो. ॲलिस आणि जॅस्पर यांच्या पहाऱ्यातून निसटून ती एकटीच, स्वतःच्या निर्णयाने तिथे जाते. चित्रपटाच्या आरंभी, जंगलात हरणाचा पाठलाग चाललेला असताना, प्रिय व्यक्तीऐवजी आपण मरण्याविषयी तिचा आवाज जे बोलतो, त्याचा अर्थ येथे कळतो. लहानपणी जिथे ती नृत्य शिकत होती, तीच ही आरशांची खोली; आणि आईचा आवाजही लहानपणच्या चित्रफितीतून आलेला. अद्भुतरम्य कथेतील पातालावतरण हे असे बालपणात उतरणे आहे. इथे ती पुन्हा शोधक होऊ शकली असती. निर्णय तिचा, धैर्य तिचे. परंतु खोलीत पाऊल टाकल्यावर तिच्या हाती काही उरत नाही. चार्लीने दिलेली मिरीच्या फवाऱ्याची बाटली ती वापरते, आणि जेम्सवर तिचा काहीच परिणाम होत नाही. यापुढे जे घडते ते कलन कुटुंबाकडून घडते. विभागणीची किंमत म्हणून आरंभी जे म्हटले ते हेच. भक्षकाचे दोन तुकडे झाल्यावर लढाई त्या दोन तुकड्यांमध्येच लढली जाते, आणि जिच्यासाठी ती लढली जाते ती फरशीवर पडून असते.

असे असले तरी याच प्रसंगात चित्रपटाने एक क्षण असा साधला आहे की जिथे ही सोयीची विभागणी मोडते. जेम्सने बेलाच्या मनगटाचा चावा घेतला आहे, विष चढते आहे. कार्लाइल सांगतो की ते शोषून काढावे लागेल, आणि ते एडवर्डनेच केले पाहिजे. तिला वाचवायचे तर तिचे रक्त प्यायले पाहिजे. भक्षण आणि रक्षण या दोन कृती येथे एकाच कृतीत येतात आणि तो एडवर्ड आहे की जेम्स, हे काही क्षण बाहेरून सांगता येत नाही. थांबण्याची वेळ आली आहे असे कार्लाइलला सांगावे लागते. पॅटिन्सन या नटाचा अभिनय अन्यत्र पुष्कळदा अवघडलेला आहे, पण येथे ओठ विलग करण्यासाठी त्याला जो प्रयत्न पडतो तो विश्वसनीय वाटतो. रुथवेन आणि ड्रॅक्युला यांचा वंशज या चित्रपटात खऱ्या अर्थाने एकदाच दिसतो, तो याच ठिकाणी.

यानंतरचा नृत्यसमारंभ हा सुखान्ताच्या संकेताला दिलेला मान आहे. बेला त्याला सांगते की मला तुझ्यासारखे कर. तो मानेशी वाकतो. प्रेक्षकाला वाटते, चावणार. तो चुंबन घेतो. रूपांतर येथे पुढे ढकलले जाते, कारण ते घडले तर कथा संपेल, आणि घडणारच नसेल तर ती सुरूच झाली नसती. ते घडण्यास पडद्यावर २०११ पर्यंत, चौथ्या चित्रपटाच्या अखेरच्या क्षणापर्यंत वाट पाहावी लागते. पहिल्या चित्रपटाची अखेरची चौकट मात्र या जोडप्याची नाही. वरच्या मजल्यावरील खिडकीतून व्हिक्टोरिया त्यांना पाहत असते. जेम्स मेला, त्याची सहचरी उरली आहे. तिने त्या रात्रीपुरता मानवी वेष केला आहे, केस बांधले आहेत, आणि त्या नाचणाऱ्या मुलांमध्ये ती वेगळी म्हणून कोणाच्याच लक्षात येत नाही.